यमुनामायचं सिरसघाट

काचेचं काकण मनगटावर चढण्याआधी अंगठ्याच्या बुडाशी क्षणभर अडतं. हाताची हाडं एकमेकांना चिकटतात, श्वास आपोआप रोखला जातो, आणि मग समोर बसलेल्या बाईचा सराईत अंगठा नेमक्या जागी दाब देतो. दुखतंय असं वाटेपर्यंत काकण आत गेलेलं असतं. यमुनामायच्या बोटांना साबणाच्या पाण्याचा वास असे, आणि भर उन्हाळ्यातही ती बोटं गार असत. तिनं माझ्या हातात पहिली काकणं भरली तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. रडू आवरत मी मूठ घट्ट आवळून धरली होती. ती म्हणाली, "हात ढिला सोड वं बाई. मी धरला हाये न." त्यानंतरच्या आयुष्यात अनेकांनी मला अनेक परींनी धीर दिला, इतक्या थोड्या शब्दांत कुणी दिला नाही.

नागपूरहून निघालेली एसटी अडीच-तीन तासांनी जिथे धापा टाकत वळून उभी राही, तिथे डांबरी रस्ता संपे आणि वैनगंगा सुरू होई. तेच सिरसघाट. ते धड खेडंही नव्हतं आणि धड शहरही. बुधवारच्या बाजारापुरतं शहर व्हायचं आणि गुरुवारी सकाळी पुन्हा खेडं. नदीला लागून ढिवरांची घरं, त्यांच्या अंगणांत वाळत घातलेली मासे धरायची जाळी; वर चढणीला कोष्टीपुरा, जिथे हातमागांची खटखट दिवसभर चाले; मग बाजारचौक, शाळा, आणि सर्वांत शेवटी टेकाडाच्या उतारावर आमचा बौद्धपुरा. हिवाळ्यात गावाभोवतीची खळी वाळत्या मिरचीनं लाल होत आणि वारा फिरला की अवघं गाव एकदम शिंकत असे. उन्हाळ्यात नदी बारीक होऊन एका अंगाला सरके आणि उघड्या पडलेल्या वाळूत ढिवरांच्या टरबुजांचे वेल हिरवे होत. या सगळ्यातून, बायका जेवणं आटोपून ओट्यावर टेकत त्या वेळी, डोक्यावर काकणांची पाटी घेऊन एक उंच, सडपातळ बाई घाटापासून टेकाडापर्यंत चालत जाई.

गावाचा इतिहास कुणी लिहून ठेवला नव्हता. पण तिच्या बोटांना तो पाठ होता. कोष्टीणींच्या तर्जनीवर सुताच्या घर्षणानं पडलेली खाच तिला ठाऊक होती, म्हणून त्यांना ती बारीक, धाग्यात न अडकणारी काकणं द्यायची. ढिवरणींचे तळवे पाण्यानं सुरकुतलेले. त्यांना जाड, सोसणारी काच. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांची आग होई, तर आधी ताक चोळायला लावून मगच ती त्यांचा हात हाती घेई. कुणाचं मनगट एका वर्षात बारीक झालं, कुणाच्या दंडावर वळ उठला, कुणाची काकणं आपोआप फुटली नव्हती, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. ती बोलून दाखवायची नाही. फक्त त्या हाताला जरा जास्त वेळ धरून बसायची.

आमच्या मोहल्ल्याशी तिचं नातं याहून निराळं होतं. ते मला आजीनं सांगितलं. आजी दीक्षेच्या वेळी नागपूरला गेली होती. परतताना आपल्या चालण्यात काही बदललं होतं, असं म्हणायची. गाव मात्र होतं तिथेच होतं. यमुनामायची सासू आमच्या गल्लीच्या तोंडाशी काकणं जमिनीवर ठेवी किंवा दुरून तळहातावर टाकी, मोबदल्याचं धान्य उचली आणि मागे फिरे. बायका आपल्या हातांनी आपली काकणं चढवत. अर्धी फुटत, हात रक्ताळत. एका वर्षी सासू तापानं पडली, म्हणून सोळा वर्षांची नवी सून एकटीच पाटी घेऊन आली. आजीनं सवयीनं दुरूनच तळहात पुढे केला. मुलीनं काकणं त्या तळहातावर टाकली नाहीत. ती ओट्यावर बसली आणि तिनं तो हातच धरला.

त्याची किंमत तिनं मोजली. सासूनं तीन महिने तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही. जेवण मागच्या दारात मिळे. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आमच्या ओट्यावर येऊन बसली. मी मोठी झाल्यावर एकदा तिला विचारलं, "माय, तुले भेव नाई वाटलं का?" ती पाटीतली काच पुसत म्हणाली, "काकनं भराची तं हात धराच लागते. दुसरं काय करीन?"

नवरा लवकर गेला. मूलबाळ झालं नाही. दिरानं घर विकलं, तेव्हा कोष्टीपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या विणकरानं आपली मागची खोली तिला दिली. "राहा," तो म्हणाला आणि ती राहिली. भाडं नव्हतं, कागद नव्हता. चाळीस पावसाळे त्या एका शब्दावर निघून गेले.

मग खाली नदीवर धरण बांधलं गेलं. आधी ती बातमी होती, मग अफवा, मग दगडांवर रंगवलेली पाणी येण्याची खूण. मी तेव्हा गावच्याच शाळेत शिक्षिका होते. घरोघरी फिरून बुडणाऱ्या घरांच्या याद्या करायच्या कामाला आम्हा शिक्षकांनाही लावलं होतं. कोष्टीपुरा माझ्या वाट्याला आला. म्हातारा विणकर वारला होता. त्याचा मुलगा नागपूरला गांधीबागेत कापडाच्या दुकानात नोकरीला होता, तो कागदपत्रं घेऊन आला होता. "मागची खोली आमचीच आहे. बाई अशाच राहतात," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. मी आत डोकावून विचारलं, "माय, घरटॅक्सची पावती आहे का तुझ्या नावची?"

"पावती कायची वं?" ती हसली. "माह्या हातात कधी पावती दिसली का तुले?"

मी तिच्या नावापुढे लिहिलं: मालकीचे घर नाही. पुढे बघू, नंतर दुरुस्त होईल, असं मनाशी म्हणत मी पान उलटलं.

नव्या वस्तीत भूखंड मिळणाऱ्यांची यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात तक्रारी ऐकायला पुनर्वसनाचा साहेब आला, त्या दिवशी पंचवीस-तीस बायका तिला घेऊन तिथे गेल्या. ढिवरणी होत्या, कोष्टीणी होत्या, माझी आई होती. साहेब वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. "यांचं घर कुठं आहे, एवढंच सांगा," तो म्हणाला. सगळ्या एकदमच बोलू लागल्या. कौसल्या ढिवरीण पुढे झाली. "साहेब, गावात असं एक घर दाखवा, जिथं हे बसली नाई."

"मावशी, बसल्यानं घर होत नाही. कागद लागतो."

मी उठून उभी राहिले. माझा आवाज मलाच परका वाटला. "सर, ती नोंद माझी आहे. मी चुकीचं लिहिलं."

त्यानं कागद जवळ घेऊन नीट वाचला आणि मान हलवली. "नाही मॅडम. तुम्ही बरोबरच लिहिलंय."

त्या एका वाक्याचा भार अजूनही माझ्या लिहित्या हातावर आहे. घरी जाताना यमुनामायनं पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं. "काहून रडून राहिली? जे दिसलं थेच लिवलं तुनं. मास्तरीणबाईनं खोटं लिवाव का?" तिनं मला तत्काळ, विनाअट क्षमा केली होती, म्हणूनच बहुधा मला स्वतःला ती करता आली नाही.

नव्या वस्तीतले भूखंड चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली घरं एका दुपारी पत्त्यांसारखी पिसली गेली. ढिवर नदीपासून दूर मुरमाच्या माळावर गेले, कोष्टीपुरा सहा रस्त्यांत विखुरला. ट्रॅक्टर भरले जात होते तेव्हा आई यमुनामायच्या खोलीत गेली आणि तिची लोखंडी पेटी स्वतः उचलून घेऊन आली. एवढंच म्हणाली, "माय, तू आमच्या घरी चाल." नव्या घरातल्या पहिल्या संध्याकाळी आमच्या चुलीपाशी बसून यमुनामायनं भाकरी थापल्या. आजीला ते बघायला मिळालं नाही.

नव्या वस्तीत सगळे रस्ते सरळ होते आणि सगळ्यांना नाव म्हणून आकडे होते. कुठं चढण नव्हती, कुठं सावली नव्हती; एक वळण दुसऱ्यासारखंच. जन्मभर डोळे मिटून गाव चालणारी ती बाई तिथे वाट चुकू लागली. पाटी घेऊन निघे आणि तासाभरानं कुणीतरी तिला हात धरून परत आणून सोडी. दारं लावलेली असत. पोरी नागपूरकडे हिंगण्याच्या कारखान्यांत गेल्या होत्या, जोडपी कळमन्याच्या बाजारात मिरची निवडायला गेली होती. ज्या उरल्या होत्या त्यांच्या हातांत पाकिटातून आलेली, आपली आपणच सरकवायची धातूची काकणं होती. गेली तशीच भरलेली पाटी घेऊन ती परत येई. आईनं एकदा विचारलं, "काय झालं वं माय?"

"हात तं हायेत बाई," ती म्हणाली. "हाक येत नाई."

माझी बदली नागपूरला झाली. दर पंधरा दिवसांनी रविवारी मी गावी येई आणि तिच्यापुढे हात करी. "भर न, माय." मला काकणांची हौस राहिली नव्हती, तिचे हात रिकामे राहू नयेत एवढाच हेतू होता, आणि तिला तो कळत होता. तिचे डोळे अधू झाले होते. एका रविवारी काकण अडलं, तिनं दाब दिला आणि ते माझ्या मनगटावर फुटलं. रक्ताचा एक थेंब आला. मी हसण्यावारी नेलं. ती मात्र त्या थेंबाकडे बराच वेळ बघत राहिली, जणू हजारो मनगटांतून सांभाळून आणलेली एखादी गोष्ट तिच्या हातून खाली पडली होती. मग तिनं पाटीवर फडकं झाकलं आणि ती खाटेखाली सरकवली. त्यानंतर तिनं कुणाचाही हात हाती घेतला नाही. दारात बसे; येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तोंड करून, पण त्यांच्या आरपार बघत.

चैत्रात तिला ताप भरला. चौथ्या दिवशी सकाळी, आई तिला पाणी पाजत असताना, तिनं दोन घोट घेतले आणि तिसरा घेतला नाही. पवनीहून भाचा आला, त्यानं अग्नी दिला. त्या दिवशी सहाही रस्त्यांवरून बायका आल्या. वस्ती बसल्यापासून प्रथमच त्या एका अंगणात एकत्र आल्या होत्या आणि एकमेकींना ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागत होता. कौसल्या माझ्या शेजारी बसली होती. "पाच वर्सांत तुह्या मायले एकदाच भेटली मी," ती माझ्या आईकडे बघत म्हणाली. "आन्‌ आधी तं दिवसाला दोनदा भेटत होतो."

तिसऱ्या दिवशी राख घेऊन आम्ही पाण्यावर गेलो. कौसल्येचा नवरा सुखदेवभाऊ नाव वल्हवत होता. पाणी विस्तीर्ण, निवांत आणि निर्दोष दिसत होतं. त्याच्याखाली एक आख्खं गाव आहे, असा संशयही कुणाला आला नसता. बऱ्याच आत गेल्यावर त्यानं वल्हं वर उचललं आणि आजूबाजूच्या डोंगरांकडे बघून अंदाज घेतला. "कोष्टीपुरा इथंच कुठं तरी हाये खाली. इथं सोडता का बाई? का आणखीन पुढं न्याव?"

मी आईकडे पाहिलं. आई पाण्याकडे बघत होती.

"सोड इथंच," ती म्हणाली. "तिचं घर एका जागी होतं कुठं?"

मी मडकं तिरकं केलं. राख क्षणभर पाण्यावर पसरून राहिली, मग ओली होऊन दिसेनाशी झाली. सुखदेवभाऊ काही वेळ नाव तशीच धरून थांबला आणि मग न विचारता त्यानं ती फिरवली. काळ माणसाला नेतो तेव्हा बहुधा त्याची जागा तरी मागे ठेवतो. तिथे जाऊन आपल्याला बसता येतं, रडता येतं. आमच्याकडून त्यानं आधी जागा नेली आणि मग माणूस. आता आठवायला बसायचं तर नेमकं कुठे बसायचं, हे मागे उरलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नाही.