बॅटरीच्या नावाची पट्टी

मी पंप बोलतोय. विहिरीवरचा नव्हे, त्याला निदान चार माणसं ओळखतात. मी विजेवर चालणाऱ्या गाडीतला, मुठीएवढा. बॅटरी तापू नये म्हणून नळ्यांतून तिच्याभोवती गार पाणी फिरवत राहायचं, एवढंच माझं काम. आधीच सांगून टाकतो, मी काही फार भल्या मनाचा नाही. त्या बॅटरीचा मी जन्मभर हेवा केला.

सुरुवात कारखान्यातच झाली. तिला बसवायला हातमोजे घातलेली चार माणसं आणि एक यंत्र. मला एकाने खोक्यातून काढलं, बॉनेटखाली कोपऱ्यात आवळलं आणि तो जेवायला निघून गेला. ती मात्र सीटखाली ऐसपैस पसरली.

आमची मालकीण परिचारिका. डोंगरातल्या वस्त्यांवर अंथरुणाला खिळलेली माणसं होती, त्यांच्या जखमा धुवायला ती रोज जायची. नवरा कामासाठी परगावी, घरी ती आणि सासूबाई. सकाळी गाडीत बसली की दारातून सासूबाईंची हाक ठरलेली, "बॅटरी भरलीस का गं?" शेजारी विचारणार बॅटरीचं, पाहुणे विचारणार बॅटरीचं. पाच वर्षांत माझं नाव कुणाच्या तोंडून निघेल तर शपथ! राबायचं मी आणि कौतुक हिचं. पोटात दुखणार नाही तर काय?

मग माझीच कंबर बसली. आतलं चाक झिजलं, पाणी ढकलवेना. एका चढावर लाल दिवा लागला आणि गाडी गोगलगायीसारखी सरकायला लागली. पडद्यावर आलं, बॅटरी तापली. झालं, हळहळसुद्धा तिच्याच वाट्याला! खरं सांगू? मला आतून बरं वाटलं. म्हटलं, तापू दे. माझ्यावाचून काय होतं ते कळू दे एकदाचं.

पण कळलं कुणाला? पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निकाल दिला, "बॅटरी गेली. आता गाडी मोडीतच काढा."

परिचारिका घरी येऊन पायरीवरच बसली. "आई, गाडी गेली तर वरच्या वस्तीतल्या आजोबांकडे कोण जाणार हो? त्यांच्या पायाची जखम दोन दिवस धुतली नाही तर चिघळेल."

सासूबाई आत गेल्या. जुन्या चादरीची पट्टी फाडून, ओली करून आणली आणि बॉनेटवर ठेवली.

"अहो, हे काय करताय?"

"ताप आलाय ना बॅटरीला? तुझा नवरा लहानपणी तापायचा तेव्हा हेच करायचे मी."

"पण बॅटरी तिथे नसते, आई. सीटखाली असते."

"असेना का. कपाळ तर हेच ना?"

सून रडता रडता हसली.

त्या पट्टीचं पाणी फटीतून ठिबकत माझ्या अंगावर आलं. पाच वर्षं मी दुसऱ्यांना गार केलं, मला कुणीतरी पहिल्यांदाच गार करत होतं. आणि तेही बॅटरीच्या नावाने! चीड आली, आणि बरंही वाटलं. सासूबाईंनी तीनदा पट्टी बदलली. मी ठरवलं, पुरे झाला हा रुसवा, उद्या फिरायचंच. सकाळी सगळा जीव एकवटला. नुसताच घरघरलो. वेळ निघून गेली होती.

गाडी ओढत दुसऱ्या गॅरेजात नेली. दोघी बरोबर होत्या. तिथल्या मेकॅनिकबाईंना घाई नव्हती. त्यांनी रेडिएटरची जाळी पाहिली, स्वच्छ होती. पंखा फिरत होता. पाणीही पुरेसं होतं. लॅपटॉप जोडून त्यांनी बॅटरीचा एकेक कप्पा तपासला, एकही आजारी नव्हता. मग गाडी चालू करून त्यांनी नळ्यांना हात लावला. बॅटरीजवळची कढत, रेडिएटरजवळची गार.

"पाणी फिरतच नाहीये," त्या म्हणाल्या आणि त्यांचं बोट माझ्यावर टेकलं. "बॅटरी ठणठणीत आहे. पंप गेलाय."

पंप! माझं नाव अखेर कुणीतरी घेतलं, आणि ते मला उपटून काढताना.

माझ्या जागी नवा चकचकीत पंप बसला. नळ्यांत अडकलेली हवा काढली, गाडी चढावर पळवून आणली. दिवा लागला नाही. परिचारिका तिथूनच आजोबांकडे जायला गाडीत बसली.

सासूबाईंनी मला हातात घेतलं. "म्हणजे ताप ह्याला होता?"

"हो."

"आणि हा असतो कुठे?"

मेकॅनिकबाईंनी बॉनेटच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. सासूबाई ऐटीत सुनेकडे वळल्या. "बघ! पट्टी बरोबर जागी होती."

आता मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. वाऱ्याने झडप आपटू नये म्हणून मला तिथे टेकवलंय. रोज सकाळी गाडी निघते आणि दारातून हाक जाते, "पंप बरा आहे ना गं?" ज्या प्रश्नासाठी मी पाच वर्षं झुरलो, तो आता त्या उपऱ्याच्या वाट्याला! अजून पोटात दुखतं. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तिच्या पंपाला तो झिजायच्या आधीच एकदा विचारा, बाबा, बरा आहेस ना.

गाडी वळणाआड गेली की सासूबाई ओल्या फडक्याने खिडकी पुसतात आणि शेवटी मला. जरा जास्तच वेळ पुसतात. बॅटरीला जाऊन विचारा, तिच्या अंगावरून कधी कुणी ओला हात फिरवलाय का.