टाकीत तरंगलेलं घर

सोसायटीची सेक्रेटरी तनुजा हिनं स्टीलच्या पेल्यात पाणी ओतलं आणि पेला सगळ्यांमध्ये फिरवायला दिला. ज्याच्या हाती तो जाई, तो नाकाशी नेऊन तोंड वाकडं करी. अध्यक्ष श्यामराव खाजगीवाल्यांनी दोनदा वास घेतला.

"कपाट विरघळवून प्यायल्यासारखं वाटेल," ते म्हणाले.

पेला दिगंबरराव पेंडशांपर्यंत आला. त्यांनी तो न हुंगताच पुढे दिला. वास वॉर्निशचा होता, आणि वॉर्निशचा डबा त्यांच्याच पलंगाखाली होता.

नारायण पेठेतल्या त्या सोसायटीची बैठक पार्किंगमध्ये, दुचाक्या बाजूला ओढून भरली होती. जमिनीखालच्या टाकीतलं पिण्याचं पाणी नासलं होतं. टाकी उपसून घासावी लागणार होती, तोवर टँकर. झाकणाला कुलूप असतं आणि किल्ली वॉचमन कोंडीरामकडे असते, एवढ्यावर सगळ्यांचा तपास संपला होता. कोंडीराम जिन्यापाशी उभा होता. टाकी कुणी उघडली, असं विचारल्यावर "किल्ली माझ्यापाशीच हाय" एवढंच तो म्हणाला होता. दिगंबररावांकडे त्यानं पाहिलंही नव्हतं. त्याला आजच काढायचं आणि उद्यापासून एजन्सीचा माणूस घ्यायचा, असं तनुजानं सभेच्या वहीत लिहूनही टाकलं.

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून दिगंबरराव एका घराचा आराखडा करत होते. जमिनीवर चाकांवर उभं राहणारं, पाण्यात उतरलं की चाकं पोटात घेऊन शिडावर चालणारं घर. छतावर सौर पत्रे, पावसाचं पाणी साठवायची सोय. वीज, नळ, गॅस, कशासाठीच कुणाचं तोंड बघायला नको. दुकानात आपला नंबर आला तरी मागच्याला पुढे जाऊ देणाऱ्या माणसाला असं घर हवंसं वाटलं, यात नवल नव्हतं. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या खोलीत ते गणपतीचं मखर करताहेत, अशी त्यांच्या पत्नीची, सत्यशीलाबाईंची समजूत होती, आणि त्यांनी ती तशीच राहू दिली होती.

हातभर लांबीचा नमुना तयार झाला. चाकांच्या वजनानं तो कलंडतो का, हे बघायला घरातली बादली पुरेना. नदी जवळच होती, पण नदीवर माणसं असतात, आणि माणसं विचारतात. म्हणून अख्खी पेठ झोपलेली असताना, दुपारी, त्यांनी कोंडीरामकडे टाकीची किल्ली मागितली. त्यानं ती काढून दिली. पेंडसेकाकांना काय विचारायचं! वॉर्निश पुरतं वाळलं नव्हतं, तेवढा धीर त्यांना धरवला नाही. घर तरंगलं, सरळ तरंगलं. कुठे झिरपतंय का बघायला म्हणून त्यांनी ते दुपारभर पाण्यात ठेवलं.

"टाकी मी उघडली होती," दिगंबरराव म्हणाले. कुणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

श्यामराव हसले. "पेंडसे, ही दया दाखवायची वेळ नाही. तुम्ही उभ्या जन्मात पुस्तकसुद्धा कधी मोठ्यानं मिटलं नसेल."

सगळेच हसले, मायेनं हसले. शेजारच्या बाई सत्यशीलाबाईंना म्हणाल्या, की तुमच्या ह्यांचा स्वभाव फार हळवा. दिगंबरराव खाली बसले. सांगून झालं होतं. कुणी खरं मानलं नाही, तर त्यांचा काय दोष? मग त्यांना दिसलं, की कोंडीराम आता त्यांच्याकडे बघतो आहे. ते उठले, जिना चढून वर गेले आणि पंच्यात गुंडाळलेला नमुना घेऊन खाली आले. टेबलावर पंचा सोडला तेव्हा त्यांचे कान तापले होते.

वास लगेच पसरला. आता कुणाला पेला लागला नाही.

हे काय आहे, ते त्यांनी जमेल तसं सांगितलं. श्यामरावांनी चष्मा पुसला.

"म्हणजे कुणाच्या नळावर अवलंबून नसलेलं घर, ते तुम्ही आमच्या पिण्याच्या पाण्यात सोडलंत."

यावर कुणीच हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. दिगंबरराव पंच्याची घडी करत राहिले. उद्यापासून जिन्यात आपल्याला काय काय ऐकावं लागेल, हे त्यांना आत्ताच ऐकू येत होतं.

"ही चाकं आत कशी जातात?" श्यामरावांनीच विचारलं.

दिगंबररावांनी एक दांडी ओढली. चाकं आत गेली. कुणीतरी खुर्ची पुढे ओढली. संडासाचं काय, असं एकीनं विचारलं. वादळात शीड कोण उतरवणार, असं दुसऱ्यानं. एकाला हे घर खडकवासल्यात हवं होतं, दुसऱ्याला थेट कोकणात. दिगंबरराव उत्तरं देत गेले. आधी चाचरत, मग भराभर. इतकी माणसं आपल्याकडे तोंड करून बसलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. चहा आला. तो कुणी आणला, हे न बघताच त्यांनी कप घेतला आणि वारा समोरून असला तरी शीड वापरून पुढे कसं जाता येतं, ते सांगू लागले.

"अहो," सत्यशीलाबाईंनी त्यांची बाही ओढली. "कोंडीराम गेला."

"कुठे?"

"घरी. तुम्ही शिडाचं सांगत होतात तेव्हा. किल्ल्या आणि सोसायटीचा फोन खुर्चीवर ठेवून गेला."

दिगंबरराव तनुजाकडे वळले. त्याला काढायचं ठरलं होतं, ते आता रद्द झालं ना?

"काका, तसं कुणी बोललंच नाही," ती ओशाळून म्हणाली. "एजन्सीला मी मघाशीच कळवलंय. पण थांबा, ते कॅन्सल करता येईल. त्याला फक्त निरोप द्यायला हवा."

तो राहतो कुठे? येरवड्याला, कुठेतरी तिकडेच, असं श्यामराव म्हणाले. दिगंबरराव चपला घालू लागले.

"पेंडसे, सुकाणूचं राहिलं सांगायचं," मागून कुणीतरी म्हणालं.

"ते मागून—" असं म्हणत दिगंबररावांनी मान वळवलीसुद्धा. मग ते तसेच रस्त्यावर आले आणि त्यांनी रिक्षाला हात केला.

"येरवड्यात कुठं, काका?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"तिथं गेल्यावर विचारू. कोंडीराम नावाचा माणूस आहे."

"कोंडीराम काय? आडनाव?"

दिगंबरराव सीटच्या कडेला बसले. कोंडीराम याच फाटकावर असताना त्यांचे केस पांढरे झाले होते.

"तुम्ही चला तर," ते म्हणाले, आणि रस्त्याकडे बघू लागले.