एका ‘नमो मारिया’पुरती आच

मित्रांनो, जरा जवळ या. मी आता जुना झालो आहे, आणि माझा आवाज पहिल्यापासूनच बारीक. मी लोखंडाचा एक साचा आहे. दोन सपाट तवे तोंडाला तोंड लावून बसवलेले आणि मागे सांडशीसारखे दोन लांब दांडे, एवढंच माझं शरीर. आतल्या अंगावर क्रूस कोरलेला आहे. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी वेदीवर जी पातळ, पांढरी ओस्ती ठेवतात आणि जिच्यात देव उतरतो असं मानतात, ती माझ्या पोटात भाजली जायची.

फ्रान्समधल्या एका लोहाराने मला घडवलं. सिस्टर क्लोतिल्द यांनी मला आपल्या जाड लोकरी शालीत गुंडाळून बोटीने प्रशांत महासागरात, किरिबाटी देशातल्या या बेटावर आणलं. इथल्या उकाड्यात ती शाल त्यांनी पुन्हा कधी पांघरली नाही. ती माझीच झाली.

दर शुक्रवारी कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात करवंट्यांचा जाळ व्हायचा. बोटीने आलेलं गव्हाचं पीठ सिस्टर दोनदा चाळायच्या, कारण किड्यांनाही ते फार आवडायचं. मग नुसतं पाणी घालून पातळ कालवायच्या. माझ्यावर डावभर ओतलं, मला मिटलं, की दांडे धरून एक ‘नमो मारिया’ म्हणायची. प्रार्थना संपली की उघडायचं. घाईने म्हटली तर ओस्ती कच्ची राही, रेंगाळलं तर करपे. त्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं, आणि कधी लागलंही नाही.

गोल ओस्त्या कापून झाल्या की कडेचे तुकडे उरायचे. ते मुलांचे. खिडकीशी ही गर्दी.

“सिस्टर, बेरेतीला मोठा तुकडा दिलात.”

“त्याचं तोंडच मोठं आहे, त्या तरी काय करतील,” रोतिया म्हणायची.

ही रोतिया नऊ वर्षांची. तिची आई आमच्या चर्चची, पण बाबा दुसऱ्या पंथाच्या चर्चचे. तेबानो त्यांचं नाव. होडी घेऊन मासेमारीला जायचे. आमच्या कुंपणाच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

एका शुक्रवारी रोतिया खिडकीशी आली नाही. ती मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. तेबानोंची होडी समुद्रावर गेल्याला सहा दिवस झाले होते, आणि ती अजून परतली नव्हती.

“सिस्टर, माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली. “मागच्या शुक्रवारचा तुकडा मी खाल्ला नाही. बाबांच्या गळाच्या डब्यात ठेवला. देव त्यांच्याबरोबर जावा म्हणून. मी देवाला न विचारता घाणेरड्या होडीत बसवलं. तो रागावला.”

सिस्टरांनी पिठात डाव फिरवला.

“आणि आता मी प्रार्थना पण नाही करणार. माझा आवाज ऐकला की त्याला परत आठवेल.”

सिस्टरांनी माझ्यावर पीठ ओतलं, मला मिटलं, आणि माझे दांडे तिच्या हातात दिले.

“धर जरा. माझं मनगट दुखतंय. आणि म्हण.”

“नाही म्हणणार.”

“मग करपेल. हे शेवटचं पीठ आहे. बोट पुढच्या महिन्यात.”

रोतियाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कडांतून वाफ निघत होती. तिने माझे दांडे दोन्ही मुठींत आवळले. मग ती पुटपुटू लागली, आधी एकेक शब्द, मग सलग. शेवटच्या शब्दाला तिने मला उघडलं. ओस्ती पांढरीशुभ्र निघाली होती.

सिस्टरांनी कडेचा एक तुकडा मोडून तिच्या तळहातावर ठेवला. “हे पीठ आणि पाणी आहे, पोरी. फादर वेदीवर प्रार्थना करीपर्यंत पीठ आणि पाणीच. तू कोणाला पळवून नेलं नाहीस. आणि खरंच देवाला होडीत बसवलं असतंस, तरी तो रागावला नसता. त्याला होडीची सवय आहे, त्याचे पहिले शिष्य कोळीच होते.”

“बाबा येतील?”

“ते मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं बोलणार नाही. पण आपण दोघी मिळून वाट बघू. आणि पुढच्या वेळी दोन तुकडे दे गं. समुद्रावर एकाने काय होतं?”

पुढचे चार दिवस रोतिया रोज दुपारी यायची. पीठ संपलं होतं, मी गारच होतो. तरी ती माझे दांडे धरून बसे, समोर सिस्टर बसत, आणि दोघी एक ‘नमो मारिया’ म्हणत.

अकराव्या दिवशी खोबरं नेणाऱ्या एका बोटीने तेबानोंना बंदरावर उतरवलं. दुसऱ्या सकाळी ते पहिल्यांदाच कुंपणाच्या आत आले. ओठ फुटलेले, खांद्यांची कातडी सोललेली. रोतियाने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं.

“पोरीने ठेवलेला तुकडा चौथ्या दिवशी सापडला,” ते म्हणाले. “जरा खारट होता.”

“आम्ही मीठ घालत नाही,” सिस्टर म्हणाल्या.

“मग समुद्राने घातलं असेल.”

दोघंही हसली. खिडकीतली मुलं चमत्कार, चमत्कार म्हणू लागली, तेव्हा सिस्टरांनी त्यांना गप्प केलं. पाऊस पडला म्हणून प्यायला पाणी मिळालं, आणि बोटीवरच्या खलाशाचे डोळे चांगले म्हणून होडी दिसली. आधी त्यांचे आभार माना, म्हणाल्या.

नंतर विमानं येऊ लागली, आणि विमानातून तयार ओस्त्यांची पाकिटं. कोणाचा दोष नाही. सिस्टर चर्चमागच्या दफनभूमीत विसावल्या. मी कोठीत गेलो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला दाराला टेकवून ठेवत. तीस वर्षं मी ते काम केलं. रोतिया पोटासाठी न्यूझीलंडला गेली आणि साठीला परतली. तिकडे नवरा वारला, त्याच्यामागोमाग प्रार्थनाही सुटली. मिस्सेला ती मागे उभी राहते, ओठ हलवत नाही, असं माझ्या कानावर आलं होतं.

गेल्या वर्षी ईस्टरच्या तोंडावर विमानं बंद पडली आणि पाकिटं संपली. तेव्हा तीच म्हणाली, “साचा आहे ना. दाराला लावलाय.”

तिने मला वाळूने घासलं, खोबरेल लावलं, करवंट्या पेटवल्या. पीठ ओतून मला मिटलं आणि थांबली.

“मावशी, मोबाइलवर वेळ लावू का?” शेजारी उभी असलेली एक तरुण सिस्टर म्हणाली.

“नको. थांब.”

तिने माझे दांडे दोन्ही मुठींत आवळले. हे हात मी ओळखत होतो. मग ती पुटपुटू लागली, आधी एकेक शब्द, मग सलग. तिचा आवाज ऐकून देवाला काय आठवलं, ते मी लोखंडाने कसं सांगावं? ओस्ती करपली नाही, एवढं मी पाहिलं.

खिडकीशी एक मुलगी उभी होती. “माझे बाबा जहाजावर आहेत. त्यांना एक तुकडा नेऊ?”

“दोन ने,” रोतिया म्हणाली.

आता विमानं पुन्हा येतात, तरी शुक्रवारी जाळ होतोच. मित्रांनो, तुमच्याही घरी असं काहीतरी दाराला टेकवलेलं असेल. ते पुसा, तेल लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. एकदा हातात धरून तापवून बघा. आपल्याला जे विसरल्यासारखं वाटतं, ते कधी कधी हातांनी जपून ठेवलेलं असतं.