बोर्ड

"वाद घालायचा नाही, हे पहिलं," सिस्टर म्हणाल्या, आणि वायरमनने मान खाली घातली. वर्षभर त्याने दुसरं केलं काय होतं?

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांचा वर्ग चालला होता. वायरमन खुर्चीवर नुसता चुळबुळत होता.

"काका, तुमची मुलगी काय म्हणते?"

"म्हणते, भिंतीत यंत्र आहे, कोणीतरी आपलं ऐकतंय. मी घरातले विजेचे सगळे बोर्ड उघडून दाखवले. ती म्हणेल तेव्हा दाखवतो."

"मग पटलं?"

"पटलं असतं तर इथे कशाला आलो असतो, बाई?"

सगळे हसले. सिस्टरही हसल्या आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या. "समजा, मी तुमची मुलगी. बाबा, भिंतीतून आवाज येतोय."

"येडी का काय, तिथे तारांशिवाय काही नाही."

"पण मला भीती वाटतेय, बाबा."

वायरमनचा हात सवयीने पायाशी ठेवलेल्या हत्यारांच्या पिशवीकडे गेला.

"तिचं खरं मानू नका, खोटंही पाडू नका. तिला काय वाटतंय ते विचारा," सिस्टर म्हणाल्या.

"आणि मी काय, हातावर हात ठेवून बसू?"

"जमलं तर बसाच."

घरी येईपर्यंत त्याचं डोकं भणभणत होतं. बायको दारातच उभी होती. "अहो, पुन्हा सुरू झालंय. आतून कडी लावलीय. म्हणते, बाबांना आत येऊ देऊ नकोस."

हे मात्र त्याला झोंबलं. एवढीशी होती तेव्हा त्याची शिडी धरून उभी राहायची ही पोर, आणि आता महिनाभर त्याच्या हातचं पाणी घेत नव्हती. का, ते कळत नव्हतं. त्याचा जीव त्यातच अडकला होता.

पिशवी खाली ठेवून तो तिच्या दाराला पाठ टेकून जमिनीवर बसला. हात नुसते शिवशिवत होते.

"आवाज येतोय का गं?"

"तुम्हाला येतो?"

"मला नाही येत. तुला येतोय ना? भीती वाटते?"

आतून ती म्हणाली, "हो."

वर्षभरात हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"तुम्ही बोर्ड उघडून बंद केलात की आवाज वाढतो," ती म्हणाली. "तुम्हीच बसवता ना ते यंत्र?"

अगं, मी तुझ्यासाठीच उघडत होतो गं, हे अगदी ओठांवर आलं. शपथ घ्यावी, रडावं, दार फोडावं, असं सगळं एकदम वाटलं. त्याने ते गिळलं.

"असं वाटतं तुला?" त्याने विचारलं. "मग माझीच भीती वाटत असेल."

"वाटते."

"बरं केलंस सांगितलंस. मी उठून जाऊ का?"

बायको स्वयंपाकघरातून डोळे पुसत पुढे आली. त्याने तिला हातानेच थांबवलं.

"बोलू नका," आतून लेक म्हणाली. "नुसते बसा."

कडी काही निघाली नाही. पण दाराची फळी किंचित हलली आणि पलीकडून ती टेकून बसल्याचं त्याच्या पाठीला कळलं. तो हलला नाही.