छत्तीस टक्के

शांतीला पंचावन्न टक्के मिळाले आणि मला छत्तीस. कोमलने, माझ्या मुलीने, मोबाईलवर दोन्ही आकडे मोठे करून दाखवले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आम्ही दोघी पनवेलच्या कोळीवाड्यातल्या, समोरासमोरच्या घरातल्या. एकाच वर्षी पोलिओ झाला, तिच्या डाव्या पायाला, माझ्या उजव्या. तिने लहानपणीच काठी धरली. मी नाही धरली. माझ्या उजव्या पायात गुडघ्याच्या वर जीवच नाही, पाऊल टाकताना मांडी हाताने दाबून धरावी लागते, नाहीतर गुडघा मिटतो. तो हात मी पदराखाली ठेवायला शिकले. डाव्या हाताने डोक्यावरची पाटी धरायची, उजव्याने आतून मांडी. खांदा कॉलनीत अकरा वर्षं दारोदार मासळी विकली, पण मी लंगडी आहे असं कुणी म्हटलं नाही.

शांती बाजारात बसून विकायची. लोक आधी तिची काठी बघायचे, मग मासळी. माझे बोंबील ताजे असले तरी गिऱ्हाईक तिच्याकडे. वर तिचा नवरा पांडू तिला स्वतःच्या रिक्षातून सोडायचा, आणायचा. माझा नवरा कधीच वारला. तिचं हे सगळं बघून माझ्या पोटात दुखायचं, उगाच कशाला खोटं बोलू?

मग कोरोना आला. सोसायट्यांनी गेटं लावून घेतली. ज्या मॅडमना इतकी वर्षं कोळंबी सोलून दिली, त्या गॅलरीतून नुसता हात हलवायच्या. पाटी उलटी करून ठेवली. आता एकच आधार उरला होता, निराधार योजनेचं महिन्याचं मानधन. पण त्यासाठी अपंगत्वाचा ऑनलाइन दाखला हवा आणि त्यावर निदान चाळीस टक्के हवेत. आईने जपून ठेवलेला जुन्या दाखल्याचा पिवळा कागद कुणी हातात घेईना.

शिबिर एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. डॉक्टर प्लॅस्टिकच्या पडद्यामागे, अंगावर झबलं, तोंडावर दोन मास्क. कुणाला हात लावत नव्हते. दुरून पाय बघायचा, चालायला लावायचं आणि लिहायचं. माझ्या आधी शांती गेली. काठी टेकत, मध्येच थांबत, "आई गो" करत. सगळा हॉल हळहळला. मी मनात म्हटलं, काय हे नाटक! माझा नंबर आला तेव्हा ती खुर्चीत बसून माझ्याकडेच बघत होती. झालं. मी पदर सावरला, हात आत घातला आणि डोक्यावर पाटी असल्यासारखी ताठ चालले. वळले तीसुद्धा झोकात.

त्या झोकाचे छत्तीस टक्के.

पंधरा दिवसांनी शांतीने दारातून विचारलं, "भामे, तुजा दाखला आला का गो?"

"येईल," म्हटलं आणि दार लावून घेतलं. तिचं मानधन सुरू झालं, तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोललेसुद्धा नाही.

कोमलने फेरतपासणीचा अर्ज भरला. तारीख आली तोवर दुसरी लाट आली आणि कोमलच तापाने पडली. बस मिळेना. शेवटी पांडूच्या रिक्षात बसावं लागलं. शांती आधीच आत बसलेली. "मीबी येते," म्हणाली. माझी फजिती बघायला येतेय, दुसरं काय, असं मला वाटलं.

घरी मी आठ दिवस लंगडायचा सराव केला होता. खरं तर सराव कशाला हवा? हात काढला की झालं. पण हॉलच्या दारात काठीवर रेलून शांती उभी होती आणि तिच्यासमोर मला ते जमेना. डॉक्टर म्हणाले, "चाला." माझा हात आपोआप पदराखाली गेला. पाठ ताठ झाली. मी चालले, पुन्हा तशीच. डोळ्यांत पाणी आलं, पण थांबता येईना. डॉक्टरांनी पेन उचललं.

"सायेब, थांबा!" शांती दारातून ओरडली. "तिला दोनी हात वर करून चालायला सांगा!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "करा हात वर."

मी शांतीला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या. हात वर केले. एक पाऊल टाकलं. दुसऱ्याला गुडघा मिटला आणि मी फरशीवर पडले, सगळ्यांसमोर. कुणी उचलायला पुढे येईना, अंतर ठेवायचं होतं. शांती तेवढी आली. भिंतीला धरत, खुरडत. तिने काठी माझ्याकडे सरकवली. आयुष्यात पहिल्यांदा मी काठी धरून उठले.

डॉक्टर पडद्याबाहेर आले, हातमोजे बदलले आणि माझी मांडी हाताने दाबून बघितली. बराच वेळ बघितली.

परतताना तळोज्याचा फाटा आला. मग राहवेना. "तुला कसं माईत गो, माज्या हाताचं?"

"चाळीस वर्सं बगते तुजा हात," शांती बाहेर बघत म्हणाली. "माज्या हातात तेवडं बळ असतं, तर मी काठी धरली असती का? तू पाटी घेऊन दारातून निगालीस का मी आत जायची. बगवायचं नाय मना."

पांडूने रिक्षा चालवता चालवता आरशात बघितलं आणि पटकन नजर फिरवली.

नवा दाखला आला. पन्नास टक्के. मानधनही सुरू झालं. शांतीचे पंचावन्न, म्हणजे पाच टक्क्यांनी ती अजून पुढेच, आणि हे मला अजून खुपतं.

सोसायट्यांची गेटं उघडली तेव्हा पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. आता हात पदराबाहेर असतो, मांडीवर, सगळ्यांना दिसेल असा. फक्त शांतीच्या दारासमोरून जाताना मी जरा सावकाश जाते. ती आता आत जात नाही, उंबऱ्यात बसून बघते. बघू दे, जळू दे थोडी. मीही काही कमी जळले नाही.