राखेतून लवकर काढलेला मणी

विषय : मुरानोच्या काचेचा शिक्का मिळण्याबाबत.
संदर्भ : श्रीमती नेरिना बुसेत्तो यांचा अर्ज. सोबत नमुना, एक नग.

सदर नमुना म्हणजे मी. वाटाण्याहून थोडा मोठा, गडद निळा मणी. पोटात सोन्याचा वर्ख, अंगावर गुलाब. अर्जाला जोडलेल्या वस्तूने बोलू नये असा संकेत आहे. पण या कपाटात ऐकणारंही कुणी नाही, म्हणून बोलतो.

नेरिनाबाई व्हेनिसच्या कास्तेल्लो भागात राहायच्या. जन्मभर त्यांनी घरच्या ज्योतीवर काचेच्या कांड्या वितळवून तारेवर मणी वळले. कांड्या पाण्यापलीकडच्या मुरानो बेटावरून यायच्या. पुढे दुकानं परदेशी, स्वस्त मण्यांनी भरली आणि दुकानदार म्हणाला, "शिक्का आणा बाई, नाहीतर तुमचे गुलाबाचे मणी त्या स्वस्त मण्यांच्या परातीत ओततो." परातीच्या भावात घरची ज्योत पेटती राहणार नव्हती, आणि ती तर त्यांना भाची ओर्नेलाच्या हाती द्यायची होती. म्हणून त्यांनी अर्ज केला.

कार्यालयात वियानेल्लो साहेबांनी विचारलं, "काच कुठली?"

"मुरानोची."

"आणि ज्योत?"

"घरची. कास्तेल्लोतली."

"मग मणी कास्तेल्लोचा. शिक्का बेटाचा आहे, बाई."

"अहो, पीठ बेटावरचंच आहे ना!"

"पाव कुठे भाजला ते आम्ही बघतो."

"आणि बेटावर जाऊन भाजला तर?"

"तर आमचा. हात तेच असले तरी चालतील," साहेब उदारपणे म्हणाले.

नमुना देण्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी बेटावरच्या एका ओळखीच्या कारागिराने त्यांना आपल्या कारखान्यात कोपरा दिला. परकी ज्योत त्यांचं ऐकेना. आधीचे मणी बिघडले, मग मी झालो. हळूहळू निवावं म्हणून त्यांनी मला गरम राखेत पुरलं.

राखेत पुरलेल्या मण्याला दुसऱ्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा या धंद्याचा धर्म. लहानपणी ओर्नेलाने राख उकरली होती, तेव्हा नेरिनाबाईंनी तिला चापट मारून सांगितलं होतं, "मण्याला घाई केलीस तर तो बोलत नाही, मनात धरतो."

पण कार्यालय दुपारी बंद होणार होतं. "एवढ्या वेळी माफ कर," असं मला म्हणत त्यांनी मला राखेतून उपसलं, रुमालात गुंडाळलं आणि होडी गाठली. वाटेत सान मिकेलेचं दफनभूमीचं बेट लागलं. त्यांनी सवयीने क्रूसाची खूण केली. मी वेळेत दाखल झालो.

मी मनात धरलंच होतं. हिवाळ्यात साहेबांनी माझा लिफाफा हीटरवर ठेवला आणि कॉफी ठेवायला जागा हवी म्हणून उचलून गार खिडकीत सरकवला. टिक्. माझे दोन तुकडे झाले.

कार्यालयाने तत्परतेने कळवलं : नमुना अखंड नाही, अर्जदाराने स्वहस्ते घडवलेला नवा नमुना सादर करावा.

आली ओर्नेला, काळ्या कपड्यांत.

"मावशी गेली. तुमचं पत्र दवाखान्यात वाचून दाखवलं. म्हणाली, 'कळव, नव्या मण्याला या वेळी राखेत पुरतं झोपू देईन.' तो मणी द्या साहेब, तिच्या हातात ठेवायचाय."

"तुकडे आहेत."

"तुकडेच द्या."

"प्रकरण निकाली निघेपर्यंत नमुना देता येत नाही."

"मग काढा निकाली! फेटाळून टाका!"

"फेटाळायलाही अखंड नमुना तपासावा लागतो."

"तो आणायचा कुणी?"

"अर्जदाराने."

ओर्नेला उठली. "अर्जदार उद्या सान मिकेलेला राहायला जातेय. मुरानोची होडी तिथे थांबते. बघा, भेट झाली तर." दारातून वळून म्हणाली, "आणि दुकानदाराने मावशीचे उरलेले गुलाब त्या परातीत ओतलेत. त्यातले तिचे कुठले, ते शोधून दाखवा आता."

साहेबांनी लिफाफा बंद केला. पुढे कुणी आलं नाही. कास्तेल्लोतली ज्योत बंद आहे.

मला शिक्का नको. ज्या हातांनी मला घाईने उपसलं, त्या हातांत मला परत ठेवावं, एवढीच विनंती होती. ती कुणाकडे करावी, याचा उल्लेख नियमांत नाही.

सद्यःस्थिती : नमुना दोन तुकड्यांत, लिफाफ्यात. अर्जदाराच्या नव्या नमुन्याची प्रतीक्षा. अर्ज प्रलंबित.