बाबांचं पुढचं चाक

"तेलकट पॉलिश घेऊ नकोस, आणि लावण्याआधी टायर धुऊन हाताने चाचपून बघ," बाबांनी लेकीला बजावलं होतं. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण तिने ते कानाआड केलं. तेलकटच पॉलिश फासलं; गाडी निघताच ते उडालं, पांढऱ्या दारांवर काळे शिंतोडे उठले आणि गल्लीने तिच्या गाडीचं नाव 'चित्ता' ठेवलं.

या रविवारी ती शहाणी झाली होती. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बाबा पहिल्यांदाच दोन वर्षांच्या नातीला फिरवायला नेणार होते, म्हणून त्यांच्या गाडीच्या टायरचं काम तिने अंगावर घेतलं. बिनतेलाचं पॉलिश आणलं, टायर ब्रशने घासले, वाळवले. स्पंज हातात घेण्याआधी चाचपलं, तर पुढच्या टायरच्या कडेला चक्क टेंगूळ. असा टायर चालत्या गाडीत कधीही फुटू शकतो.

"बाबा, हे तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?"

"गुडघे वाकतात कुठे गं आता? तोंड चालतं, म्हणून लोकांना सांगतो," बाबा ओशाळून हसले.

मग त्यांनी खुर्चीत बसून हुकूम सोडले आणि तिने स्टेपनी चढवली. चारही टायरना पॉलिशचा पातळ हात बसला. गाडी निघाली तेव्हा मागच्या सीटवर नात टाळ्या पिटत होती. रस्ता मोकळा असूनही बाबांनी तिच्यासाठी दोनदा हॉर्न वाजवला.

तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगतेय: "तुमच्या घरात गुडघे दुखणारं कुणी गाडी चालवत असेल, तर आजच त्यांच्या चारही चाकांवरून हात फिरवून या."